बिल एकीकडे, तक्रार दुसरीकडे: प्रोग्रामच्या आउटपुट-एररच्या टेस्ट कशा लिहायच्या

कोल्हापुरात गावोगावच्या दूध संस्थांचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही ज्या प्रोग्रामला सगळ्यात जास्त जपतो, तो या बिलाचाच. पायथनमध्ये लिहिलेला, कमांड लाइनवर चालणारा. संकलनाची फाइल वाचायची (सभासद नंबर, पाळी, म्हैस की गाय, लिटर, फॅट, आणि एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि उत्पादकागणिक रक्कम काढून द्यायची, एवढंच त्याचं काम. त्याचं आउटपुट थेट बँकेत जाणाऱ्या फाइलमध्ये वळवलेलं असतं. म्हणून नवीन मुलं-मुली कामाला लागली की दराचं कोष्टक शिकवण्याआधी मी त्यांना शिकवते ते हे: प्रोग्राम काय छापतो, कुठे छापतो, आणि त्याची टेस्ट, म्हणजे ते आपोआप तपासणारा छोटा कोड, कशी लिहायची.

प्रोग्राम नीट चालला की स्टँडर्ड आउटपुटवर (निकाल बाहेर पडायची वाट, पुढे नुसतं "आउट") असं येतं:

००४७ कुऱ्हाडे म्हैस ८६.५ ४४९८.००
००४८ चौगुले गाय १२०.० ४०८०.००

आणि संकलनाच्या फाइलमध्ये कुणी घाईत ६.५ मधला टिंब गाळला असेल, तर स्टँडर्ड एररवर (इशारे-तक्रारींची वेगळी वाट, पुढे नुसतं "एरर") असं:

ओळ २१३: फॅट ६५, शक्य नाही. ओळ वगळली.

ही तिसरी ओळ पहिल्या दोघींच्या रांगेत जाऊन बसली की काय होतं ते मी जवळून पाहिलंय. करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत आधी दुसऱ्या कुणाचं तरी सॉफ्टवेअर होतं. त्यात बिल आणि इशारे एकाच वाटेने बाहेर पडायचे. ऐन बेंदराच्या तोंडावर सचिवांचा फोन आला, "मॅडम, बँकेनं फाइल माघारी लावलीया, बघा की जरा." फाइलीच्या मधोमध एक इशारा बसला होता, आणि बँकेच्या सिस्टिमला तो सभासद नंबर वाटला. बैलांचा सण दारात आणि गावाचे पैसे अडकलेले. त्या प्रोग्रामला टेस्ट होत्या म्हणे, पण त्या फक्त हिशोबाच्या. छपाई कुणी तपासलीच नव्हती.

आधी ठरवा, मग तपासा

टेस्ट लिहायला बसण्याआधी कुठली ओळ कुठे जाणार हे कागदावर लिहून काढा. माझा नियम साधा आहे. पुढचा प्रोग्राम किंवा पुढचा माणूस जे वापरणार, ते आउटवर. चालवणाऱ्याला जे कळलं पाहिजे, ते एररवर. इशारे, "४०० ओळी वाचल्या" असली प्रगती, चुका, सगळं एररवर. प्रगतीच्या ओळीत चूक काहीच नसते, मग ती एररवर का, असं मुलं हमखास विचारतात. कारण ती बँकेला नको आहे. नावावर जाऊ नका, ओळ कुठल्या वाटेने जायला हवी ते बघा.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये ही वेगळी वाट नव्हतीच. बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकात लोक फोटोटाइपसेटरवर (फोटोच्या कागदावर अक्षरं उमटवणाऱ्या यंत्रावर) मजकूर छापायचे, आणि फाइल उघडली नाही की तो एररचा संदेशच छान अक्षरात छापून हातात यायचा, महागडा कागद वाया घालवून. त्यातूनच दोन नंबरची वाट आली. शून्य म्हणजे इनपुट, एक म्हणजे आउट, दोन म्हणजे एरर. हे नंबर आजही तेच आहेत.

तिसरी गोष्ट एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा. ती ओळीत दिसत नाही म्हणून विसरली जाते. आमच्याकडे सगळं नीट झालं तर ०, काहीच निघालं नाही तर १, आणि बिल निघालं पण काही ओळी वगळल्या तर ३. मधला २ मुद्दाम मोकळा ठेवलाय, कारण पायथनचं आर्गपार्स (कमांड लाइनवरचे पर्याय वाचणारं मॉड्यूल) चुकीचा पर्याय दिला की स्वतःहून २ देऊन बाहेर पडतं आणि वापराची माहिती एररवर छापतं. उलट मदत मागितली तर तीच माहिती आउटवर येते आणि कोड ० असतो. या दोन्हींची एकेक छोटी टेस्ट लिहायला पाच मिनिटं लागतात, लिहून टाका.

छापणारा कोड कमीत कमी ठेवा

सगळ्यात चांगली टेस्ट ती, जिला छपाई पकडावीच लागत नाही. रक्कम काढणाऱ्या फंक्शनने रक्कम परत द्यावी, तिथे प्रिंट नको. वगळलेल्या ओळींची यादीही परत द्यावी. मग फॅट ६५ ची टेस्ट म्हणजे यादीत २१३ आहे की नाही एवढंच बघणं. आमच्या टेस्टपैकी बहुतेक सगळ्या अशाच आहेत, आणि त्या क्षणात पळतात.

छापणारं फंक्शन शेवटी एकच उरतं. त्याला आउट आणि एरर हे दोन्ही बाहेरून द्या. खऱ्या धावेत सिस.एसटीडीआउट आणि सिस.एसटीडीएर, टेस्टमध्ये दोन स्ट्रिंगआयओ, म्हणजे मेमरीतल्या नकली फाइली. काय लिहिलं ते गेटव्हॅल्यूने काढून बघायचं.

इथे एक खड्डा आहे. फंक्शनच्या व्याख्येतच डिफॉल्ट म्हणून सिस.एसटीडीआउट लिहिलंत, तर ती किंमत फंक्शन बनतानाच, म्हणजे मॉड्यूल इम्पोर्ट होतानाच पक्की होते. नंतर टेस्टने सिस.एसटीडीआउट बदललं तरी फंक्शन जुन्याच वाटेवर लिहीत राहतं. टेस्टच्या हाती रिकामी स्ट्रिंग येते आणि तीच ओळ पायटेस्टच्या (टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या) अहवालात मात्र खाली दिसते. असं दिसलं की पहिल्यांदा हेच तपासा. उपाय: डिफॉल्ट नन (पायथनमधलं "काहीच नाही") ठेवा, आणि नन आलं तर फंक्शनच्या आत सिस.एसटीडीआउट घ्या.

कॅपसिस, आणि ते कुठे पुरत नाही

मेन फंक्शन तपासायला पायटेस्टचं कॅपसिस घ्या, ते छापलेलं पकडून ठेवतं. टेस्टच्या आर्ग्युमेंटमध्ये नाव लिहिलं की ते मिळतं. मेन चालवा, मग कॅपसिसवर रीडआउटअर बोलवा; आउट आणि एरर वेगवेगळे हाती येतात. लक्षात ठेवायचं ते असं की रीडआउटअर एकदा वाचलं की साठा रिकामा होतो. आउट तपासायला एकदा आणि एरर तपासायला पुन्हा एकदा बोलावलंत, तर दुसऱ्या वेळी एरर रिकामाच मिळणार, आणि "एरर रिकामा असावा" ही टेस्ट खोटीच पास होणार. एकदाच वाचा, व्हेरिएबलमध्ये ठेवा.

हाच गुण कामालाही येतो. टेस्टच्या तयारीत काहीबाही छापलं जात असेल, तर मुख्य कॉलच्या आधी एकदा रीडआउटअर बोलावून ते फेकून द्या.

आणि नीट चाललेल्या बिलाच्या प्रत्येक टेस्टमध्ये एरर अगदी रिकामा आहे हेही तपासा. "त्यात काहीतरी आहे पण बिल बरोबर आहे" यावर मी समाधान मानत नाही. एखाद्या लायब्ररीने नवीन आवृत्तीत इशारा द्यायला सुरुवात केली तर ही टेस्ट फुटेल. फुटू द्या. तो इशारा उद्या सचिवांच्या स्क्रीनवर दिसणारच आहे. तो त्यांच्याआधी आपल्याला दिसलेला बरा.

कॅपसिस फक्त पायथनच्या सिस.एसटीडीआउट आणि सिस.एसटीडीएर या नावांवर बसतं. कॉन्टेक्स्टलिबचं रीडायरेक्ट-एसटीडीआउटही तसंच, आणि ते अख्ख्या प्रोसेसला लागू होत असल्याने थ्रेड्सबरोबर वापरू नये. सी भाषेतली लायब्ररी किंवा प्रोग्रामने चालवलेला दुसरा प्रोग्राम थेट एक आणि दोन नंबरवर लिहितो, तो कॅपसिसला दिसत नाही. तिथे कॅपएफडी घ्या, ते नंबरच्या पातळीवर पकडतं. एका टेस्टमध्ये दोन्ही एकदम मागता येत नाहीत, पायटेस्ट तिथेच थांबवतं. पावती छापणारी एखादी सी लायब्ररी वापरत असाल तर आणखी एक: तिचा मजकूर तिच्या स्वतःच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) अडकलेला असू शकतो. आउटपुट स्क्रीनवर नसेल तर सी भाषा ओळ संपली म्हणून ते सोडत नाही, बफर भरला की सोडते. फ्लश झाला नाही, म्हणजे बफर बाहेर ढकलला गेला नाही, तर कॅपएफडीच्या हातीही काही लागत नाही.

लॉगिंग वेगळं धरा. पायथनचं लॉगिंग मुळात एररवरच लिहितं, त्यामुळे ते कॅपसिसनेच तपासावं असं वाटतं. पण लॉगचा हँडलर (संदेश प्रत्यक्ष लिहिणारा भाग) तयार होताना समोर असलेला एररचा ऑब्जेक्ट धरून बसतो. तो एका टेस्टमध्ये तयार झाला आणि पुढच्या टेस्टमध्ये लिहायला गेला, की बंद फाइलवर लिहिल्याची तक्रार येते, आणि ती भलत्याच टेस्टच्या नावावर. लॉगसाठी कॅपलॉग आहे, ते वापरा. वॉर्निंगच्या खालचे संदेश हवे असतील तर आधी सेट-लेव्हल करा.

खरा प्रोसेस चालवून

एवढं सगळं केलं तरी मोजक्या टेस्ट अशा हव्यात, ज्यात प्रोग्राम सचिवांच्या टेबलावर चालतो तसाच, वेगळा प्रोसेस म्हणून चालतो. पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलचं रन घ्या, सिस.एक्झिक्युटेबलने तोच पायथन चालवा (नुसतं पायथन लिहिलंत तर मशिनवरचा दुसराच कुठला तरी उचलला जाईल), कॅप्चर-आउटपुट चालू करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, आणि टाइमआउट द्या. टाइमआउट नसला तर इनपुटची वाट बघत बसलेला प्रोग्राम तुमची रात्रभराची सगळी टेस्टं अडवून ठेवेल. त्यानंतर रिटर्नकोड, आउट, एरर या क्रमाने तिन्ही तपासा. रिटर्नकोड (म्हणजे एक्झिट कोडच) चुकला तर त्या असर्टच्या, म्हणजे तपासणीच्या ओळीच्या, संदेशात एरर जोडून द्या, नाहीतर फुटलेल्या टेस्टमध्ये "१ आणि ० समान नाहीत" एवढंच दिसेल आणि कारण शोधायला पुन्हा चालवावं लागेल.

रनऐवजी सबप्रोसेसचं पोपेन हाताने वापरणार असाल तर थांबा. पाइपमध्ये (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणाऱ्या नळीत) मावणारा मजकूर मर्यादित असतो. लिनक्सवर साधारणपणे ६५,५३६ बाइट. प्रोग्राम त्याहून जास्त लिहायला गेला आणि तुम्ही न वाचता नुसतं वेट करत बसलात, तर तो पाइपमध्ये जागा मोकळी होण्याची वाट बघतो, तुम्ही तो संपण्याची, आणि दोघं तसेच अडकून राहतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे मराठी बिलाला ही मर्यादा एकवीस-बावीस हजार चिन्हांतच लागते. पंचवीस ओळींच्या नमुना फाइलवर टेस्ट झकास पास होते, मोठ्या संस्थेच्या पूर्ण बिलावर लटकते. कम्युनिकेट वापरा, ते दोन्ही वाटा एकदम वाचतं. रन आतून तेच करतं.

आउट आणि एरर एकत्र पकडून त्यांचा आपसातला क्रम तपासू नका. स्क्रीनवर आउट ओळीओळीने जातं, पाइपमध्ये गेलं की ठोकळ्याने. पायथन ३.९ पासून एरर मात्र कायम ओळीओळीने जातो. त्यामुळे हाताने चालवताना बिलानंतर दिसणारा इशारा टेस्टमध्ये बिलाच्या आधी येतो. क्रम खरोखरच महत्त्वाचा असेल तर इशाऱ्यातच ओळ नंबर लिहा आणि तो तपासा.

मराठी छापणाऱ्या प्रोग्रामसाठी

हा भाग इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही, आणि आमच्याकडच्या निम्म्या कटकटी इथल्याच असतात. म्हणून जरा सावकाश.

संस्थांमधली मशिनं विंडोजची. पायथन ३.६ पासून विंडोजच्या कन्सोलवर मराठी सरळ छापलं जातं. पण तेच आउटपुट फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये वळवलं की पायथन मशिनचं जुनं कोडपेज (अक्षरांना नंबर देणारं कोष्टक) उचलतं, त्यात देवनागरी नसते, आणि "कुऱ्हाडे" छापताना प्रोग्राम युनिकोडच्या एररने मरतो. हाताने चालवलं तर चालतं, वळवलं की पडतं. त्यात एररची वाट आणखी फसवी. तिथे न छापता येणारं अक्षर आलं तर पायथन मरत नाही, अक्षराच्या जागी तिरकी रेघ आणि कोड नंबर छापतो. म्हणजे "एररमध्ये काहीतरी आलं" एवढंच तपासणारी टेस्ट पास होते आणि सचिवांना मात्र वाचता न येणारी ओळ दिसते. प्रोग्राम सुरू होतानाच आउट आणि एरर दोन्हींवर रीकॉन्फिगर करून यूटीएफ-८ ठरवून टाका, आणि टेस्टमध्ये एररमधला मराठी शब्द, समजा "वगळली", खरोखर आहे का ते बघा. कॅपसिसने हे सापडणार नाही, कारण तिथे कोडपेज मध्ये येतच नाही. खरा प्रोसेसच लागतो.

आता "कुऱ्हाडे"कडे जवळून बघा. यातला "ऱ" युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा "र" आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं. डोळ्याला दोन्ही सारखे. पण टेस्टमध्ये तुम्ही एका कीबोर्डने टाइप केलेलं नाव आणि संस्थेच्या फाइलमधून आलेलं नाव समान नाहीत असं पायटेस्ट सांगतं, आणि अहवालात दोन्ही ओळी अगदी सारख्या दिसतात. माणूस तासभर स्क्रीनकडे बघत बसतो. उपाय पायथनच्या युनिकोडडेटामधलं नॉर्मलाइज, एनएफसी या रूपात; ते दोन्ही प्रकार एकाच रूपात आणतं. आणि ते टेस्टमध्ये नको, प्रोग्राम फाइल वाचतो त्या ठिकाणी करा; म्हणजे बँकेकडेही एकाच रूपात नाव जाईल. काही कीबोर्ड असलं जोडाक्षर साध्या "र"ला हलंत आणि न दिसणारा जोडणारा लावूनही काढतात. ते नॉर्मलाइजने एक होत नाही. ते वाचतानाच वेगळं बदलून घ्यावं लागतं, आणि त्याची स्वतंत्र टेस्ट लागते.

स्तंभ एका रेषेत आहेत का हेही लेनने (चिन्हं मोजणाऱ्या फंक्शनने) तपासू नका. "कोल्हापूर" हा शब्द पायथनच्या हिशोबाने ९ चिन्हांचा, कानाला चार अक्षरांचा, यूटीएफ-८ मध्ये २७ बाइटांचा. यातला कुठलाच आकडा स्क्रीनवरची रुंदी सांगत नाही. बँकेच्या फाइलमध्ये स्तंभ टॅबने किंवा स्वल्पविरामाने वेगळे करा आणि टेस्टमध्ये तोडून एकेक रकाना बघा.

किती काटेकोर तपासायचं

बँकेत जाणारं आउट मी बाइट न् बाइट तपासते. अपेक्षित फाइल रिपॉझिटरीत ठेवलेली आहे, शेवटच्या रिकाम्या ओळीसकट. यासाठी सबप्रोसेस टेक्स्टच्या रूपात चालवू नका. विंडोजवरच्या दोन चिन्हांच्या ओळसमाप्तीचं टेक्स्ट मोडमध्ये एकच चिन्ह होतं आणि फरक झाकला जातो. बाइट्स घ्या आणि बाइट्सशीच जुळवा.

एररच्या बाबतीत उलट. तिथे वाक्य पूर्ण जुळवलं तर कुणी "शक्य नाही"चं "चुकीचं आहे" केलं की वीस टेस्ट फुटतात, आणि मग मुलं संदेश सुधारायलाच घाबरतात. इशाऱ्यातला जीव कशात आहे? ओळ २१३ आणि फॅट ६५ यात. एवढं वाचून सचिव वहीतलं ते पान काढू शकतात. तेवढंच तपासा. तारीख, वेळ, फाइलीचा पूर्ण पत्ता या दर वेळी बदलणाऱ्या गोष्टी तपासायच्या नाहीत. त्या हव्याच असतील तर घड्याळ आणि फोल्डर बाहेरून द्या.

रंगांचंही बघा. स्क्रीनवर लाल इशारा छान दिसतो, पण रंगाचे कोड फाइलमध्ये गेले तर कचरा. आउटपुट खरंच स्क्रीनवर आहे का हे इज-ए-टीटीवायने विचारून मगच रंग द्यावा. टेस्टमध्ये ते नेहमी "नाही" म्हणतं, म्हणजे रंगाचा कोड आलाच तर चूक प्रोग्रामचीच.

दुसऱ्या भाषांत काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. जावात सिस्टिमचं सेटआउट आणि सेटएर वापरून वाट बदलता येते, पण ती अख्ख्या प्रोसेसची बदलते. जुनी वाट जपून ठेवा, प्रत्येक टेस्टनंतर परत लावा, आणि अशा टेस्ट समांतर चालवू नका. गो भाषेत फंक्शनला आयओ.रायटर द्या, प्रश्नच मिटतो. रस्टचं कार्गो टेस्ट पास झालेल्या टेस्टचा मजकूर दडवतं. नोकॅप्चर दिलं की दिसतो.

पायटेस्टही तेच करतं. फुटलेल्या टेस्टखाली पकडलेलं आउट आणि एरर वेगवेगळ्या मथळ्यांखाली येतात, पास झालेल्यांचं दिसत नाही. ते बघायचं असेल तर आरपी (आर लहान, पी कॅपिटल) हा पर्याय द्या. एस दिला तर पकडणंच बंद होतं आणि सगळं थेट स्क्रीनवर येतं; डिबगरसाठी ते ठीक, पण सर्व्हरवरच्या आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये तो पर्याय कायमचा ठेवू नका. वेगवेगळ्या टेस्टच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि कुठली ओळ कुठल्या टेस्टची ते कळत नाही. आणि त्या सर्व्हरवर लिनक्सबरोबर एक विंडोजची धाव नक्की लावा. संस्थांची मशिनं विंडोजची आहेत, आणि वर सांगितलेला कोडपेजचा घोटाळा लिनक्सवर समोर येत नाही.